विगनचे चार चषक आणि लंडनची आधीच ठरलेली पदावनती : रग्बी लीगच्या २०२४च्या हंगामाबद्दल काही प्रश्न

वारणाकाठ

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने मी काही काळापासून इंग्लंडमधील लीड्स शहरात राहतो. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पाहिलेले सामने एवढीच माझी रग्बीची ओळख होती, आणि तो पंधरा खेळाडूंचा रग्बी युनियन हा प्रकार होता. यॉर्कशायर आणि लँकेशायरमधील लोकांचा जीव ज्याच्यावर आहे तो तेरा खेळाडूंचा रग्बी लीग हा निराळाच खेळ आहे, हे येथे आल्यावर हळूहळू लक्षात आले. सहकाऱ्यांच्या बोलण्यात सुपर लीग या रग्बी लीगच्या सर्वोच्च श्रेणीच्या २०२४च्या हंगामाचा उल्लेख वारंवार येतो, म्हणून मी त्या हंगामाचे निकाल आणि वृत्तांत वाचून काढले. तरीही काही गोष्टींचा उलगडा होत नाही, आणि कार्यालयात विचारले की उत्तराऐवजी वाद सुरू होतो. मराठीत कोणी शांतपणे समजावून सांगेल या आशेने येथे लिहीत आहे.

विगन वॉरियर्स हा संघ सत्तावीस फेऱ्यांनंतर गुणतक्त्यात पहिला आला आणि त्याला लीग लीडर्स शील्ड मिळाली. विजेतेपद मात्र त्याच्या नावावर लागले ते १२ ऑक्टोबर रोजी मँचेस्टरमधील ओल्ड ट्रॅफर्डवर हल किंग्स्टन रोव्हर्सला हरवल्यानंतरच. फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत पहिल्या क्रमांकासाठी झगडायचे आणि मग ऐंशी मिनिटांच्या एका सामन्यात सर्व काही पुन्हा पणाला लावायचे, हे येथील पाठीराख्यांना न्याय्य कसे वाटते? आयपीएलमध्येही असेच होते, हे मला मान्य आहे. पण आयपीएल ही दोन महिन्यांची स्पर्धा आहे आणि हा शंभराहून अधिक वर्षांची परंपरा असलेला खेळ आहे.

दुसरा प्रश्न लंडन ब्राँकोज या संघाचा. या संघाने २०२३च्या शरद ऋतूत खालच्या श्रेणीचा अंतिम सामना जिंकून सुपर लीगमध्ये प्रवेश मिळवला आणि २०२४ संपताच तो पुन्हा खाली गेला. तो शेवटच्या स्थानावर होता, त्यामुळे त्यात मला काही वावगे वाटले नव्हते. परंतु हंगामातील पहिला सामना होण्यापूर्वीच त्याचे खाली जाणे ठरलेले होते, असे एक सहकारी म्हणतो. हे खरोखर शक्य आहे का?

आणि तिसरे म्हणजे, २०२४बद्दल बोलताना येथील प्रत्येक जण रॉब बरो या खेळाडूचे नाव घेतो. तो तर २०१७मध्येच निवृत्त झाला होता. त्याच्या आजारपणाची थोडी कल्पना आहे, पण त्या हंगामाशी त्याचे इतके घट्ट नाते का जोडले जाते, हे जाणून घ्यायला आवडेल.

पेनाइन्सपलीकडे

वारणाकाठ, आपला पहिला प्रश्न येथे पिढ्यान्‌पिढ्या चर्चिला गेला आहे, त्यामुळे उत्तर थोडे मागून सुरू करतो.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डमधील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांच्या प्रतिनिधींनी लंडनच्या रग्बी संघटनेतून बाहेर पडून नॉर्दर्न युनियन स्थापन केली. वाद पैशांचाच होता, पण श्रीमंतीचा नव्हता. खाणीत आणि गिरणीत राबणारा खेळाडू सामन्यासाठी खाडा करत असे तेव्हा त्याचा रोज बुडे. त्याची भरपाई म्हणून सहा शिलिंगांपर्यंत रक्कम देण्याची मुभा या क्लबांना हवी होती आणि दक्षिणेतील सधन मंडळींना ती हौशी खेळाच्या तत्त्वाविरुद्ध वाटत होती. रग्बी लीगचा जन्म या मजुरीच्या प्रश्नातून झाला, आणि आजही हा खेळ ज्या गावांत रुजलेला आहे ती बहुतेक त्या काळच्या खाणींची, गिरण्यांची आणि बंदरांची गावे आहेत.

सुरुवातीच्या वर्षांत क्लब पुष्कळ झाले आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळणे अशक्य झाले. काहींच्या वाट्याला अवघड प्रतिस्पर्धी येत, काहींच्या वाट्याला सोपे. सामन्यांची संख्याही सारखी नसे. अशा तक्त्यावरून विजेता ठरवणे अन्यायाचे होते, म्हणून १९०६-०७च्या हंगामापासून पहिल्या चार संघांमध्ये बाद फेरी खेळवून विजेता ठरवण्याची पद्धत आली. पुढे १९७३-७४मध्ये दोन श्रेणी झाल्यावर तक्त्यातील पहिला संघच विजेता मानला जाऊ लागला आणि ही व्यवस्था १९९७पर्यंत टिकली. १९९८मध्ये ग्रँड फायनल, म्हणजे बाद फेरीनंतरचा विजेता ठरवणारा अंतिम सामना, सुरू झाली. आपल्याला ती आयपीएलच्या पठडीतील नवी कल्पना वाटत असेल, तर तसे नाही. जुनी रीत नव्या नावाने परत आली, इतकेच.

शिवाय बाद फेरीचे मूळ कारण आजही पुरते संपलेले नाही. २०२४मध्ये बारा संघ होते. प्रत्येकाशी घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर खेळून बावीस सामने होतात, पण फेऱ्या सत्तावीस होत्या. त्यांपैकी एक फेरी मॅजिक वीकेंडची, जेव्हा सर्व संघ एकाच मैदानावर, त्या वर्षी लीड्समधील एलंड रोडवर, दोन दिवसांत खेळले. उरलेल्या फेऱ्यांत कोणाची पुन्हा कोणाशी गाठ पडेल, हे सर्वांसाठी सारखे नव्हते. पहिल्या आणि दुसऱ्या संघात दोनच गुणांचा फरक असतो तेव्हा या असमानतेला महत्त्व येते.

तरीही या पद्धतीने मन दुखावते, हे मी नाकारणार नाही. २०१७मध्ये कॅसलफर्डचा संघ दहा गुणांच्या आघाडीने पहिला आला. आजवर एकदाही सर्वोच्च विजेतेपद न मिळालेले ते खाणकामगारांचे छोटे गाव त्या उन्हाळ्यात हरखून गेले होते, आणि अंतिम सामन्यात लीड्सने त्यांना २४-६ असे हरवले. त्याआधी २०११ आणि २०१२मध्ये तर लीड्सने पाचव्या स्थानावरून येऊन विजेतेपद मिळवले होते. लीड्समध्ये हा प्रश्न विचारल्यावर वाद का होतो, हे आपल्याला यावरून कळेल.

आता २०२४कडे वळतो. विगनने त्या वर्षी जे केले त्याचे मोल या पार्श्वभूमीवरच समजते. २४ फेब्रुवारी रोजी त्यांनी घरच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या विजेत्या पेनरिथ पँथर्सला १६-१२ असे हरवून वर्ल्ड क्लब चॅलेंज जिंकली. पेनरिथ त्या वेळी सलग तीन वर्षांचा ऑस्ट्रेलियन विजेता होता, आणि ऑस्ट्रेलियातील संघांना खेळाडूंच्या वेतनावर जेवढा खर्च करण्याची परवानगी आहे ती मर्यादा इंग्लंडमधील क्लबांच्या मर्यादेपेक्षा कितीतरी मोठी आहे. विगनचे ते पाचवे जागतिक विजेतेपद होते. ८ जून रोजी वेम्ब्लीवर वॉरिंग्टनला १८-८ असे हरवून त्यांनी चॅलेंज कप ही वेगळी बाद पद्धतीची स्पर्धा एकविसाव्यांदा जिंकली. इतके चषक दुसऱ्या कोणत्याही क्लबकडे नाहीत. गुणतक्त्यातील पहिले स्थान शेवटच्या फेरीपर्यंत नक्की झाले नव्हते. त्या फेरीत त्यांनी सॅल्फर्डचा ६४-० असा पराभव केला आणि शील्ड घेतली. उपांत्य फेरीत ली या शेजारच्याच गावाच्या संघाला ३८-० असे नमवले. ली हे प्रशासकीयदृष्ट्या विगनच्याच हद्दीत येते, त्यामुळे त्या निकालाची बोच निराळी होती.

अंतिम सामना मात्र ९-२ असा झाला आणि मला त्या हंगामातील सर्वांत मोलाची ऐंशी मिनिटे तीच वाटतात. संपूर्ण सामन्यात एकच ट्राय झाला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीवर टेकवणे, त्याचे चार गुण), तोही बेव्हन फ्रेंचचा. उरलेले पाच गुण हॅरी स्मिथच्या पायातून आले : ट्रायनंतरच्या रूपांतराच्या किकचे दोन, पेनल्टीचे दोन आणि ड्रॉप गोलचा (चालू खेळात खांबांमधून मारलेल्या किकचा) एक. हल किंग्स्टन रोव्हर्सकडे मायकी लुईस होता, जो त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट खेळाडूला मिळणाऱ्या मॅन ऑफ स्टील किताबाचा मानकरी ठरला होता, आणि तरीही विगनच्या बचावाने त्या संघाला एकही ट्राय करू दिला नाही. त्या वर्षी विगनला जिंकता येण्याजोगे चार चषक होते आणि चारही त्यांच्याकडे गेले. मॅट पीट हा त्यांचा प्रशिक्षक विगनचाच. तो स्वतः कधी व्यावसायिक खेळाडू नव्हता, क्लबच्या तरुण खेळाडूंना घडवता घडवता तो या पदापर्यंत आला. कर्णधार लियम फॅरेल हाही गावचाच. पैसा ओतून बाहेरून उभा केलेला हा संघ नव्हता, आणि म्हणूनच प्रतिस्पर्धी पाठीराखेसुद्धा २०२४बद्दल आदराने बोलतात.

वारणाकाठ

पेनाइन्सपलीकडे, मनापासून आभार. फेऱ्यांची असमानता माझ्या ध्यानात आलीच नव्हती. हल किंग्स्टन रोव्हर्सबद्दल आपण थोडे अधिक लिहावे अशी विनंती आहे, कारण हल या एकाच शहरात दोन क्लब कसे, हेही मला कळलेले नाही. आणि लंडनच्या प्रश्नावर कोणाला काही सांगता येईल का?

पेनाइन्सपलीकडे

हल शहराच्या मधून हल नदी वाहते. नदीच्या पश्चिमेला काळ्या-पांढऱ्या पोशाखाचा हल एफसी आणि पूर्वेला लाल-पांढऱ्या पोशाखाचा हल किंग्स्टन रोव्हर्स. कोणत्या क्लबच्या मागे उभे राहायचे हे बहुतेक घरांत जन्मतःच ठरते. २०२४चा हंगाम १५ फेब्रुवारीला याच दोन संघांच्या सामन्याने सुरू झाला आणि रोव्हर्सने तो २२-० असा जिंकला. हल एफसीसाठी पुढील सर्व महिने तसेच कठीण गेले; गुणतक्त्यात त्यांच्या खाली फक्त लंडन राहिले. रोव्हर्सने मात्र १९८५नंतर एकही मोठा चषक जिंकलेला नव्हता. २०२३मध्ये ते चॅलेंज कपचा अंतिम सामना जादा वेळेत १७-१६ असे हरले होते आणि २०२४ची ग्रँड फायनल ही त्यांची पहिलीच होती. तेथेही हरल्यावर त्यांनी जे केले ते सांगायलाच हवे : २०२५मध्ये त्यांनी वेम्ब्लीवर वॉरिंग्टनला ८-६ असे हरवून चॅलेंज कप घेतला, गुणतक्त्यात पहिले स्थान मिळवले आणि ओल्ड ट्रॅफर्डवर विगनलाच २४-६ असे हरवले. चाळीस वर्षे रिकामी राहिलेली कपाटे एका वर्षात तीन चषकांनी भरली.

गिरणगाव

लंडनच्या प्रश्नावर मी लिहितो, कारण या विषयाने मला फार अस्वस्थ केले आहे.

वारणाकाठ, आपला सहकारी खरे सांगतो. २०२२मध्ये इंग्लंडच्या रग्बी लीग संघटनेने आयएमजी या क्रीडाव्यवस्थापन कंपनीशी बारा वर्षांचा करार केला. त्या कंपनीने सुचवल्याप्रमाणे सुपर लीगमधील जागा मैदानावरील निकालांवरून देण्याऐवजी प्रत्येक क्लबला वीसपैकी गुण देऊन ठरवायच्या, असा निर्णय झाला. पाठीराख्यांचा व्याप आणि समाजमाध्यमांवरील प्रतिसाद यांना पाच गुण, मैदानावरील कामगिरीला पाच, आर्थिक स्थितीला साडेचार, स्टेडियमला तीन आणि परिसरातील लोकसंख्या व सामाजिक काम यांना अडीच. पंधरा किंवा अधिक गुण मिळवणारा क्लब अ श्रेणीचा आणि त्याची जागा सुरक्षित. उरलेल्या जागा गुणांच्या उतरत्या क्रमाने. म्हणजे खेळाच्या संघाची खेळातील कामगिरी ही एकूण हिशेबात एक चतुर्थांश.

ही पद्धत २०२५च्या हंगामासाठी प्रथमच लागू होणार होती, पण नमुन्यादाखल गुण २०२३च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर करण्यात आले. त्यात लंडनला ८.०७ गुण आणि चोविसावा क्रमांक मिळाला. आता कालक्रम पाहा. त्याच ऑक्टोबरच्या १५ तारखेला लंडनच्या खेळाडूंनी फ्रान्समध्ये जाऊन तुलूझला त्यांच्याच मैदानावर १८-१४ असे हरवले होते. कोणालाही अपेक्षा नसताना, संपूर्ण वर्षाच्या कष्टांनंतर त्यांनी ती जागा कमावली होती. आणि विजयाचा आनंद ओसरण्यापूर्वीच त्यांच्या हातात एक तक्ता आला, ज्याचा अर्थ इतकाच होता की पुढच्या वर्षी तुम्ही मधल्या क्रमांकावर आलात तरी तुम्हाला येथे राहता येणार नाही.

अशा परिस्थितीत क्लबने करायचे काय? ज्या क्लबची जागा एका वर्षाने जाणार हे सर्वांना ठाऊक आहे, त्याच्याशी दोन-तीन वर्षांचा करार चांगला खेळाडू का करेल? प्रायोजक का येईल? नवा प्रेक्षक वर्षभराचे तिकीट का घेईल? हे सारे मिळाले नाही म्हणून संघ दुबळा राहिला, दुबळा राहिला म्हणून हरला, आणि हरल्यावर पुन्हा सांगण्यात आले की पाहा, यांची पात्रता नव्हतीच. १९८०मध्ये फुलहॅम या नावाने सुरू झालेला, अनेक मैदाने बदलत आता विम्बल्डनच्या प्लाउ लेनवर भाड्याने खेळणारा हा क्लब कधीच श्रीमंत नव्हता. पण दक्षिणेत या खेळाचा दिवा त्यानेच तेवत ठेवला आहे आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचलेले खेळाडू घडवले आहेत.

माझे म्हणणे साधे आहे. वर जाण्याचा आणि खाली येण्याचा मार्ग मैदानातून जायला हवा. फेदरस्टोन किंवा बॅटली यांच्यासारख्या लहान गावातील मुलगा क्लबच्या वर्गात दाखल होतो तेव्हा, चांगले खेळलो तर आपले गाव एक दिवस विगनशी खेळेल, ही कल्पना त्याच्या मनात असते. ती शक्यताच काढून घेतली, तर खालच्या श्रेणीतील सामन्यांना काय अर्थ उरतो? १८९५मध्ये या क्लबांनी बंड केले ते, तुमचा वर्ग आमच्या पंगतीत बसण्याच्या योग्यतेचा नाही असे सांगणाऱ्यांविरुद्ध. त्याच क्लबांच्या वारसांनी एकमेकांना तेच सांगावे, याचे मला मनापासून दुःख होते.

हिशेबनीस

गिरणगाव यांची तळमळ मला पटते आणि लंडनवर अन्याय झाला हेही मी मान्य करतो. परंतु त्यांनी चित्राची एकच बाजू मांडली आहे. मी अनेक वर्षे ब्रॅडफर्डमध्ये राहिलो आहे आणि तेथे जे पाहिले त्यामुळे माझे मत काहीसे वेगळे बनले.

ब्रॅडफर्ड बुल्स १९९७, २००१, २००३ आणि २००५ असे चार वेळा सुपर लीगचे विजेते झाले. त्या काळात त्यांच्या मैदानावर गर्दी होई, आणि शहरातील आशियाई वस्त्यांतील शाळांतून मुलांना खेळाकडे आणण्याचे त्यांचे काम नावाजले गेले होते. २०१२मध्ये क्लब कर्जात बुडून प्रशासकाच्या ताब्यात गेला, २०१४मध्ये खालच्या श्रेणीत घसरला, आणि २०१७च्या जानेवारीत ती कंपनीच मोडीत निघाली. त्याच नावाने उभ्या राहिलेल्या नव्या क्लबला बारा गुणांच्या वजावटीने हंगाम सुरू करावा लागला. खेळाडू, शिपाई, तिकीट विकणारे, सर्वांचे पगार अडकले. टोरांटोचा क्लब २०१९मध्ये मैदानावर जिंकून वर आला आणि २०२०च्या जुलैमध्ये हंगाम अर्धवट टाकून बाहेर पडला. आणि ज्या सॅल्फर्डचा संघ २०२४मध्ये पहिल्या सहांत येऊन बाद फेरी खेळला, त्याच्यावर २०२५च्या पहिल्याच सामन्यात सेंट हेलन्सविरुद्ध मुख्यतः नवख्या मुलांना उतरवण्याची वेळ आली आणि तो ८२-० असा हरला, कारण पैशांची घडी विस्कटलेली असल्यामुळे नेहमीचे खेळाडू उतरवण्यावर निर्बंध आले होते. मैदानावरील यशाने हिशेबवहीतील भगदाड झाकले जाते, बुजत नाही.

मुळात, वर-खाली जाण्याचा मार्ग बंद करण्याचा हा पहिला प्रयत्न नाही. २००९ ते २०१४ या काळात तीन-तीन वर्षांचे परवाने देण्याची पद्धत होती. ती रद्द करून २०१५पासून पुन्हा मैदानावरील निकाल आणले गेले. दोन्ही व्यवस्थांत क्लब बुडाले. चढ-उताराच्या पद्धतीतला धोका असा की खाली गेल्यास दूरचित्रवाणीच्या पैशांतील वाटा एकदम घटतो, म्हणून तळाचे क्लब जागा राखण्यासाठी नसलेला पैसा खेळाडूंवर खर्च करतात.

वेकफील्डचे उदाहरणही पाहावे. १९९९पासून सुपर लीगमध्ये असलेला हा क्लब २०२३च्या अखेरीस खाली गेला. नव्या मालकाने बेल व्ह्यू मैदानावर नवे प्रेक्षागार पूर्ण केले, कार्यालय सुधारले, तिकीटविक्री वाढवली. २०२४मध्ये संघाने खालच्या श्रेणीचा अंतिम सामना तुलूझविरुद्ध ३६-० असा जिंकला, आणि ऑक्टोबरमध्ये पंधरावर गुण मिळवून क्लब अ श्रेणीत बसला. तो मैदानावरही जिंकला आणि कागदावरही. या पद्धतीचा रेटा नसता तर ते प्रेक्षागार इतक्या लवकर उभे राहिले असते, असे मला वाटत नाही.

माझा आक्षेप आहे तो समाजमाध्यमांवरील अनुयायांना आणि लोकसंख्येला गुण देण्यावर. आर्थिक शिस्त ही प्रवेशाची किमान अट असावी, स्टेडियमची सुरक्षितता ही दुसरी अट असावी, आणि या दोन अटी पूर्ण करणाऱ्या क्लबांमधील क्रम मैदानावरच ठरावा. लंडनला अशी अट आधी सांगून ती पूर्ण करायला दोन वर्षे दिली असती, तर त्यांना ती पूर्ण करता आली असती किंवा नसती, पण निदान खेळण्याला अर्थ राहिला असता.

गिरणगाव

हिशेबनीस, किमान अट आणि त्यानंतर मैदान, ही मांडणी मला मान्य आहे. ब्रॅडफर्डचे जे झाले त्याने मीही हळहळलो होतो. फक्त एक सांगतो. २०२६पासून सुपर लीग चौदा संघांची झाली. ब्रॅडफर्ड, यॉर्क आणि तुलूझ आत आले आणि सॅल्फर्ड बाहेर गेले. वाढीव जागांसाठी एक समिती बसवून निवड करावी लागली, म्हणजे वीस गुणांची एवढी बारीक मोजणी करूनही शेवटचा निर्णय बंद दाराआडच्या बैठकीत झाला. हरलेल्या संघाला आपण का हरलो हे मैदानावर दिसते. समितीने नाकारलेल्या क्लबच्या पाठीराख्यांना तेवढेही समाधान मिळत नाही.

शुश्रूषा

मी यॉर्कशायरमधील एका रुग्णालयात भौतिकोपचार तज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे वारणाकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी द्यावे असे वाटले.

रॉब बरोची उंची सुमारे १६५ सेंटीमीटर होती. ज्या खेळात शंभर किलोंहून अधिक वजनाचे खेळाडू एकमेकांवर धडकतात त्यात हा मुलगा टिकणार नाही, असे त्याला लहानपणापासून सांगितले गेले. तो २००१ ते २०१७ अशी सतरा वर्षे लीड्स ऱ्हायनोजकडून खेळला आणि आठ वेळा सुपर लीगचे विजेतेपद त्याने मिळवले. २०११च्या अंतिम सामन्यात सेंट हेलन्सच्या बचावपटूंमधून वाकत, वळत त्याने एकट्याने केलेला ट्राय आपण शोधून अवश्य पाहावा.

२०१९च्या डिसेंबरमध्ये त्याला मोटर न्यूरॉन आजाराचे निदान झाले. या आजारात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी नष्ट होत जातात. हात, पाय, वाचा, गिळणे आणि अखेरीस श्वास, असे एकेक नियंत्रण सुटत जाते, आणि विचारशक्ती बहुतेक वेळा शाबूत राहते. त्यावर बरे करणारा उपाय नाही. अशा अवस्थेत बहुसंख्य कुटुंबे दार लावून घेतात आणि त्यात त्यांचा काहीही दोष नसतो. बरो आणि त्याच्या पत्नीने उलट मार्ग पत्करला. वाचा गेल्यावरही संगणकाच्या आवाजात तो बोलत राहिला, आपले शरीर कसे होत चालले आहे हे त्याने लोकांना पाहू दिले. त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफील्ड याने २०२०मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावून निधी जमवायला सुरुवात केली आणि दरवर्षी अधिक कठीण आव्हान घेत तो धावत राहिला. २०२३च्या मे महिन्यात लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये त्याने बरोची चाकाची खुर्ची संपूर्ण अंतर ढकलत नेली आणि अंतिम रेषा ओलांडताना मित्राला दोन्ही हातांवर उचलून घेतले.

२ जून २०२४ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी बरोचे निधन झाले. म्हणजे हंगाम ऐन मध्यावर असताना, आणि चॅलेंज कपच्या अंतिम सामन्याच्या सहा दिवस आधी. त्याच्या जर्सीचा क्रमांक सात होता, म्हणून वेम्ब्लीवरील तो सामना तीन वाजून सात मिनिटांनी सुरू करण्यात आला. त्याच्या निधनाच्या दुसऱ्याच दिवशी, ३ जूनला, लीड्समध्ये त्याच्या नावाच्या उपचार केंद्राच्या बांधकामाला सुरुवात झाली. दुःखामुळे कार्यक्रम पुढे ढकलू नये, अशी कुटुंबाचीच इच्छा होती. अंत्यसंस्कार ७ जुलैला झाले आणि रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक उभे होते, त्यांत दुसऱ्या क्लबांच्या जर्सी घातलेले पुष्कळ होते. ग्रँड फायनलमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा पुरस्कार त्या वर्षापासून रॉब बरोच्या नावाने दिला जाऊ लागला आणि पहिला मान बेव्हन फ्रेंचला मिळाला.

माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पूर्वी या आजाराचे नाव रुग्णाला सांगितले की तो काय असतो हे पहिल्यापासून समजवावे लागे. आता या भागातील बहुतेक लोकांना ते ठाऊक असते, आणि कोणती मदत मागायची हेही माहीत असते. वेगवेगळ्या विभागांत खेटे घालण्याऐवजी वाचा, श्वसन, आहार आणि हालचाल यांचे तज्ज्ञ रुग्णाला एका छताखाली भेटावेत, हा त्या केंद्रामागचा विचार आहे, आणि या आजारात रुग्णाच्या हाती असलेला वेळ पाहता तो फार मोलाचा आहे.

वारणाकाठ

आपणा सर्वांचा ऋणी आहे. आता लीड्स ऱ्हायनोजच्या हेडिंग्ली मैदानावर एखादा सामना पाहायला जावे असे फार वाटते. नवख्याने नेमके काय पाहावे?

पेनाइन्सपलीकडे

अवश्य जा. सुरुवातीला चेंडूमागे नजर धावते, पण खेळ कळतो तो टॅकलनंतरच्या, म्हणजे चेंडू नेणाऱ्याला पकडून पाडल्यानंतरच्या, क्षणात. चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकलांची संधी मिळते. प्रत्येक टॅकलनंतर पडलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो आणि तोवर बचावाच्या फळीला दहा मीटर मागे जावे लागते. आपण कबड्डी पाहिली असेल, तर चढाई करणाऱ्याला पकडल्यावर मध्यरेषेकडे पोहोचू न देण्याची जी धडपड असते, तशीच धडपड येथे पडलेल्याला लवकर उठू न देण्यासाठी चालते. तो एक-दोन सेकंद लवकर उठला तर पुढच्या धावेला मोकळी जागा सापडते. उशिरा उठला तर भिंत तयार असते. पाचव्या टॅकलनंतर बहुधा किक येते, तेव्हा बचावात सर्वांत मागे राहणारा फुल-बॅक कुठे उभा आहे ते पाहा. विगनने त्या ग्रँड फायनलमध्ये रोव्हर्सला एकही ट्राय करू दिला नाही तो याच दोन गोष्टींच्या बळावर, त्यामुळे जाण्यापूर्वी तो सामना एकदा या दृष्टीने पाहिलात तर हेडिंग्लीवर काय शोधायचे ते आपल्याला आधीच ठाऊक असेल.